उभ्या गाडीची पहिली किक : तुमचे अनुभव लिहा

पावसाळा सरला की हा प्रश्न दरवर्षी निघतो. गावच्या घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गोठ्याच्या कडेला झाकून ठेवलेली चार-स्ट्रोक गाडी बाहेर काढायची आहे, वर्ष-दोन वर्षं तिला हात लावलेला नाही, तर आधी काय करायचं? व्हिडिओत जो तो दहा मिनिटांत गाडी सुरू करून दाखवतो. त्याआधीची सगळी खटपट कापून टाकलेली असते. म्हणून ज्यांनी स्वतः हात काळे केलेत त्यांनी लिहा. गाडी कोणती, कुठे उभी होती आणि उघडल्यावर आत काय सापडलं, एवढं तरी हवंच. राजदूत आणि जुन्या येझदीवाल्यांनी रागावू नये, टू-स्ट्रोकची दुखणी निराळी, त्यांच्यावर पुन्हा कधीतरी.

माझं मत आधीच सांगतो : उभ्या गाडीत इंजिन सहसा बिघडत नाही, पेट्रोल बिघडतं. पटत नसेल तर खोडून काढा.

कुडाळ. स्प्लेंडर, पडवीत ताडपत्रीखाली

भाऊ मुंबईला गेला आणि गाडी दोन पावसाळे पडवीत राहिली. किक मारून पाहिली तर कॉम्प्रेशन (इंजिनातला हवेचा दाब) छान लागत होतं, म्हणजे अर्धी काळजी मिटली. स्पार्क प्लग काढून इंजिनाच्या हेडला टेकवला, किक मारली, ठिणगी निळी आणि जाड. मग उरलं पेट्रोल. टाकीचं झाकण उघडलं तर नेहमीचा वास नाहीच, नुसता वॉर्निशचा. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा ड्रेन स्क्रू सैल केला, थेंब पडेना. शेवटी त्याची खालची वाटीच उतरवली. तळाला काकवीसारखा चिकट थर, पेट्रोल सोडणारे बारीक पितळी जेट हिरवे पडलेले. इंजिन मंद चालताना पेट्रोल देणारा पायलट जेट उजेडासमोर धरला, आरपार काही दिसेना. त्याचं भोक मुळातच अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. मी टाचणी शोधायला लागलो तसे आमचे गॅरेजवाले काका ओरडलेच, ‘सुई घालू नको रे, भोक मोठं झालं तर गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहील.’ वायरीतली तांब्याची एकच बारीक तार, कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा, बस्स. भोकातून उजेडाचा ठिपका दिसल्यावरच जेट परत बसवला. टाकी पूर्ण रिकामी करून नवं पेट्रोल घातलं, चोक ओढला आणि किक मारली. घेतली की हो!

चोकवर सुरू होते आणि चोक सोडला की मरते, असं ज्यांचं होतं त्यांनी बाकी कुठे शोधत बसू नये. पायलट जेट.

सातारा. गॅरेज आहे, त्यामुळे गाडी कोणती हे विचारू नका

कुडाळच्या दादांनी बरोबर लिहिलंय. आता असं का होतं ते सांगतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल असतं चमचा-दोन चमचे आणि वाटीला हवेचं तोंड उघडं. पेट्रोलमधला पटकन उडणारा भाग, ज्यावर थंड इंजिन पेटतं, तोच आधी उडून जातो. मागे राहतो तो चीक. टाकीतलं पेट्रोल त्यामानाने जास्त टिकतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं आणि टाकीखालचा पेट्रोल कॉक (पेट्रोलची तोटी) बरोबर तिथूनच पितो. म्हणून गाडी ठेवताना टाकी गळ्यापर्यंत भरा, कॉक बंद करा, वाटी ड्रेन करून ठेवा. अर्धी टाकी ठेवलीत तर वरच्या रिकाम्या पत्र्याला आतून गंज धरतो.

२०२० चं लॉकडाऊन उठल्यावर माझ्याकडे ज्या गाड्या ढकलत आणल्या त्यातल्या बहुतेकांना एवढंच झालं होतं. कार्ब्युरेटर धुतला, गाडी चालू. इंजिन खोलायची वेळ क्वचित आली.

नागपूर. बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवालं (ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुने संपर्क)

काहून एवढी घाई करता भाऊ? पेट्रोलच बिघडतं म्हणणाऱ्यांनी एकदा जुनी बुलेट ठेवून बघावी. हिचं ऑइल वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पंपातून हळूहळू झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस घाबरून वरून आणखी ऑइल ओततो आणि किक मारतो. मग सायलेन्सरमधून असा धूर निघतो की शेजारी बादल्या घेऊन धावतात. इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून ऑइल उडतं ते वेगळंच.

म्हणून आधी क्रँककेसचा खालचा ड्रेन बोल्ट उघडून साचलेलं काढून घ्यायचं, मग कप्प्यात नवं भरायचं. त्यानंतर प्लग काढायचा, बोअरमध्ये (पिस्टन चालतो त्या नळकांड्यात) ऑइलचे थोडे थेंब सोडायचे, रात्रभर राहू द्यायचे. दुसऱ्या दिवशी चावी बंद ठेवून, आतला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून किक हाताने सावकाश खाली न्यायची. पायाने नाही, हाताने. पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरल्या असतील तर हाताला लगेच कळतं, पायाला कळत नाही.

पॉइंटला घासकागद मारला, प्लग लावला, चावी दिली. किक हळू दाबत न्यायची, अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधोमध आला की थांबायचं, लिव्हर ओढून जराशी पुढे सरकवायची आणि मग पूर्ण वजनाने एक. माझी गाडी अशीच उठली. पांढरा धूर थोडा वेळ आला, तो आतल्या ओलीचा. निळा धूर हटत नसेल तर मात्र रिंगांकडे बघा.

रत्नागिरी. युनिकॉर्न

एअर फिल्टर उघडा. बाकी सगळं नंतर. आमच्यात उंदराने फिल्टरचा फोम कुरतडून त्याचंच घरटं केलं होतं आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवली असती तरी गाडी कशाला सुरू होतेय!

वास्को. बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांची), फ्युएल इंजेक्शनवाली

मिस्टर जहाजावर असतात, गाडी सात-आठ महिने बिल्डिंगखाली. हिला कार्ब्युरेटरच नाही, त्यामुळे वरचे अर्धे सल्ले माझ्या कामाचे नाहीत. हिचं सगळं बॅटरीवर. चावी फिरवली की टाकीतून पंपाची ‘झूंऽऽ’ अशी घरघर दोन-तीन सेकंद ऐकू यायला हवी. ती आली नाही तर सेल्फ दाबत बसू नये. मीटर लावला तर दहा व्होल्टच्याही खाली, म्हणजे चार्ज करून उपयोग नव्हता, बॅटरी बदलली. शेजाऱ्यांनी चालू कारवरून केबल लावून देतो म्हटलं, मी नको म्हटलं. कारचा अल्टरनेटर आणि बाइकची एवढीशी बॅटरी, मधला ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) जळला तर तो खर्च कोण देणार? आता हे निघताना बॅटरी काढून घरात ठेवतात आणि मी महिन्यातून एकदा चार्जरला लावते.

‘ताई, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवा,’ असं मला सगळेच सांगतात. ते बरोबर आहे का?

सातारा, गॅरेजवाला पुन्हा

नाही ताई, ते करू नका. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, लिटरभर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. पाच मिनिटांत इंजिन तापतच नाही, मग थोडं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि थोडं सायलेन्सर आतून सडवतं. बॅटरीही भरत नाही, उलट सेल्फने खाल्लेलं सुद्धा परत मिळत नाही. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर हात लावू नका.

ऑइलचंही सांगतो. डिपस्टिकवर दुधाळ दिसलं तर इंजिन सुरूच करू नका, आधी काढून टाका. नुसतं जुनं असेल तर इंजिन थोडं गरम करून काढावं, म्हणजे तळाची घाण सोबत निघते. नागपूरच्या भाऊंचं प्रकरण वेगळं, तिथे आधीच काढायला हवं.

टोरांटो. सीबी ५००

इथे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी बंदच, त्यामुळे दर हिवाळ्याला परीक्षा. टाकी भरून त्यात पेट्रोल बिघडू न देणारं फ्युएल स्टॅबिलायझर घालतो आणि तसंच थोडं फिरवून आणतो, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. बॅटरी मेंटेनर चार्जरवर, म्हणजे ती भरलेली राहते. ऑइल मात्र गाडी ठेवायच्या आधी बदलतो, वसंतात नाही. जुन्या ऑइलमधलं आम्ल हिवाळाभर बेअरिंगांवर कशाला ठेवायचं? या बाबतीत सातारकरांशी माझं जमतं. पुण्याचे माझे मित्र मात्र याला चोचले म्हणतात.

लातूर. सीडी १००, वडिलांची

गाडी सुरू झाली, त्याचं मला कौतुक नाही, ती होणारच होती. पुढचं ऐका. फर्स्ट टाकला आणि क्लच दाबलेला असतानाही गाडी उडी मारून पुढे. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या. गाडी बंद करून टॉप गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबला आणि पुढे-मागे हलवत राहिलो, ‘टक्’ झालं आणि सुटल्या. तेव्हा पहिला स्टार्ट डबल स्टँडवरच घ्या.

टायर बाहेरून नवे दिसत होते. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचले आणि तिथल्या तिथे दोन्ही बदलले.

आणि कागद! आरसी पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची कधीच संपलेली. विमा नाही, पीयूसी नाही, १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी म्हणून नवी नंबर प्लेट लावायची तीही नाही. इंजिन एका रविवारात झालं, आरटीओचं अजून चालूच आहे. तोवर ट्रायल अंगणातच. कुणी जुन्या गाडीचं नूतनीकरण अलीकडे केलं असेल तर कोणते कागद लागले ते लिहा.