विंडोजवरून सेव्ह केलेली फाईल लिनक्सला कळतच नाही, फोल्डर आपोआप मिरर कसं करायचं?

अंबडचा_पोरगा:
मंडळी, चार दिवस झाले डोकं फिरलंय. अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, तीन सीएनसी (कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणारी) मशीनं. वर ऑफिसात सर विंडोजवर प्रोग्राम बनवतात, खाली शॉपफ्लोअरला एक जुना पीसी पडून होता त्यावर मी डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, मशीनला प्रोग्राम तिथूनच जातो. आत्तापर्यंत पेनड्राईव्ह घेऊन जिना चढउतार करायचो आणि दर दोन दिवसाला कोणीतरी जुन्या रिव्हिजनचा प्रोग्राम लावायचं. म्हणून सरांचा फोल्डर शेअर करून डेबियनवर माउंट केला (म्हणजे तिथे जोडून घेतला) आणि व्हिडिओ बघून बघून इनोटिफायवेटची (फाईल बदलली की सूचना, म्हणजे इव्हेंट, देणारी कमांड) स्क्रिप्ट लिहिली, काही बदललं की सीपी (कॉपीची कमांड) मारून मशीनच्या फोल्डरला टाकायचं.
आता गंमत बघा. मी स्वतः डेबियनवर त्याच माउंटमध्ये टच (फाईलची वेळ बदलणारी कमांड) केलं की स्क्रिप्ट लगेच पळते. सरांनी वरून सेव्ह केलं की ढिम्म. एलएस (फाईलींची यादी) केलं तर फाईल दिसते, वेळ पण नवीन दिसते, पण इव्हेंट येतच नाही.
आणि दुसरं, परवा डायचा मोठा प्रोग्राम, 40 एमबीचा, मीच डेबियनवरून टाकला तर मशीनच्या फोल्डरला अर्धाच आला. मशीन लावणाऱ्या सेटर दादांना शेवटची ओळ बघायची सवय आहे म्हणून कळलं, एम30च (प्रोग्राम संपल्याचा कोड) नव्हता. नाहीतर काय झालं असतं कोणास ठाऊक. बरं, सर्च केलं की जो तो वेगळंच सांगतोय.

गंगापूररोड_रूट:
तुझ्या स्क्रिप्टची चूक नाहीये रे. इनोटिफाय हे कर्नलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) काम आहे (2005 साली 2.6.13 मध्ये आलं), आणि ते फक्त स्वतःच्या कर्नलमधून गेलेले बदल बघतं. तू टच केलंस ते तुझ्या डेबियनमधून गेलं म्हणून कळलं. सरांनी सेव्ह केलं ते त्यांच्या विंडोजमध्ये झालं, डेबियनला कोणी निरोपच दिला नाही, तू एलएस मारलास तेव्हा त्याने जाऊन विचारलं म्हणून नवीन वेळ दिसली. एनएफएसला (लिनक्सवाल्यांची नेटवर्क शेअरची पद्धत) पण हेच रडगाणं.
उपाय सोपाय, गाडी उलटी फिरव. शेअर विंडोजवर नको, डेबियनवर सांबा (विंडोजला फोल्डर शेअर करून देणारं सॉफ्टवेअर) टाक आणि सरांना त्यात नेटवर्क ड्राईव्ह काढून दे. मग सर सेव्ह करतात तेव्हा प्रत्यक्ष लिहितो तो डेबियनवरचा सांबा, म्हणजे लोकल बदल, इव्हेंट आलाच पाहिजे.
अजून एक, पुढे फोल्डर वाढले की आठवेल तुला. इनोटिफाय सबफोल्डरमध्ये आपोआप उतरत नाही, प्रत्येक फोल्डरला वेगळा वॉच लागतो. जुन्या कर्नलला मर्यादा 8192 होती, ती संपली की एरर काय येतो तर नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाईस. मी एकदा अर्धा दिवस डिस्क साफ करत बसलो होतो, डिस्क निम्मी रिकामी! 5.11 कर्नलपासून रॅम बघून मर्यादा ठरते, पण जुना पीसी म्हणतोयस म्हणून कर्नल कुठलं ते बघून घे.

सातपूरची_ताई:
फोनवरून टाईप करतेय म्हणून कमांड मराठीतच, समजून घे. अर्ध्या फाईलचं कारण मला वाटतं तू मॉडिफाय इव्हेंटवर सीपी लावलंयस. मोठी फाईल लिहिताना तो इव्हेंट मधे मधे सारखा येत राहतो, पहिल्यालाच तुझं सीपी पळालं, तेव्हा फाईल निम्मीच होती. क्लोज-राईट आणि मूव्ह्ड-टू हे दोन घे. क्लोज-राईट म्हणजे लिहून फाईल बंद झाली, आणि मूव्ह्ड-टू अशासाठी की बरीच सॉफ्टवेअर आधी टेंपररी नावाने सेव्ह करून मग नाव बदलतात.
आणि सीपी सोड, आरसिंक (दोन फोल्डर जुळवून ठेवणारी कमांड) घे. सीपी थेट खऱ्या नावावरच लिहित बसतं, म्हणजे कॉपी चालू असताना मशीनने फाईल उचलली की अर्धी मिळणार. आरसिंक आधी पुढे टिंब असलेल्या लपवलेल्या नावाने पूर्ण लिहितं आणि शेवटी एका झटक्यात नाव बदलतं, मशीनला जुनी तरी पूर्ण मिळते नाहीतर नवीन तरी. फक्त इनप्लेस ऑप्शन (थेट खऱ्या नावावर लिहिणारा) चुकूनही लावू नकोस, सगळा फायदा जातो.
स्क्रिप्ट स्वतः लिहायची हौस नसेल तर एलसिंकडी टाक, ते आतून इनोटिफाय आणि आरसिंकच वापरतं, नवीन सबफोल्डर पण स्वतः सांभाळतं. मूळ सेटिंगला 15 सेकंद थांबून बदल एकत्र पाठवतं, तुला घाई असेल तर डिले 2 कर.

नाशिकरोड_क्रॉन:
दोनतीनशे फाईलींसाठी एवढा खटाटोप कशाला? क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारं) दर मिनिटाला आरसिंक, विषय संपला. सांबा उलटा फिरवायची पण गरज नाही, कारण ते इव्हेंटची वाट बघत नाही, स्वतः जाऊन बघतं. फक्त एफलॉक (एका वेळी एकच चालू देणारं) लाव, नाहीतर मोठी फाईल चालू असताना दुसरं येऊन बसेल.

पंचवटी_फोटो:
क्रॉनवाल्या दादांचं खरंय, पण आरसिंकचा डिलीट ऑप्शन (मूळ फोल्डरला नसलेली फाईल दुसरीकडूनही पुसणारा) लावताना दहा वेळा विचार करा. माझ्या स्टुडिओत रात्री लाईट गेली, आली, पीसी चालू झाला पण फोटोंची डिस्क माउंट झालीच नाही. माउंटची जागा म्हणजे नुसता रिकामा फोल्डर, आरसिंकला वाटलं मालकाने सगळं पुसलं, त्याने दुसऱ्या डिस्कवरचं पण इमानेइतबारे पुसून टाकलं. मूळ डिस्क चांगली होती म्हणून लग्नाचे फोटो वाचले, पण सकाळी ते रिकामं फोल्डर बघून पोटात जो गोळा आला ना...
तेव्हापासून आधी माउंटपॉइंट कमांडने तपासतो, माउंट नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. आणि बॅकअप-डिर लावलंय, पुसलेली किंवा वरून लिहिली गेलेली फाईल आधी त्या फोल्डरला जाते. तो फोल्डर मिररच्या बाहेर ठेव हं. सोर्सच्या नावामागचा स्लॅश पण बघ, स्लॅश असेल तर आतलं सामान जातं, नसेल तर अख्खा फोल्डर आत जाऊन बसतो. पहिल्यांदा ड्राय रन, म्हणजे काही न बदलता नुसतं काय होईल ते बघ.

अंबडचा_पोरगा:
सांबा उलटा फिरवला, एलसिंकडी टाकलं, डिले 2. सरांनी सेव्ह केलं आणि खाली येईपर्यंत फाईल हजर! बॅकअप-डिर पण लावलं. डिलीट चालू ठेवावं लागलं, जुनी रिव्हिजन पडून राहिली तर मूळ रोग तोच.
पण आज नवीन भानगड. सेटर दादांनी मशीनच्या फोल्डरमध्येच फीड (हत्यार सरकण्याचा वेग) 120 चा 90 केला होता, दुपारी सरांनी त्याच प्रोग्राममध्ये दुसरी ओळ सुधारून सेव्ह केलं आणि मिररने दादांचा बदल उडवला. दादा माझ्याशी बोलत नाहीयेत. दोन्ही बाजूंनी सिंक करू का? सिंकथिंग किंवा युनिसन?

सातपूरची_ताई:
नको रे बाबा. दोघांनी एकच फाईल बदलली तर सिंकथिंग एकाची सिंक-कॉन्फ्लिक्ट नावाने बाजूला ठेवतं, म्हणजे फोल्डरला एकाच प्रोग्रामच्या दोन फाईली आणि रात्रपाळीवाला उचलणार चुकीची. युनिसन निदान थांबून विचारतं, पण खाली उत्तर कोण देणार? मशीनचा फोल्डर ऑपरेटरला फक्त वाचायला ठेव, आणि दादांसाठी मशीनवरून नावाचा वेगळा फोल्डर कर, तो उलट्या दिशेने सरांकडे जाईल, सर बघून मूळ प्रोग्राममध्ये घेतील.
आणि दादांची फाईल गेली कुठे? बॅकअप-डिर लावलंयस ना, उघडून बघ.

अंबडचा_पोरगा:
सापडली ताई!! फीड 90 सकट. प्रिंट काढून दादांना नेऊन दिली, चहा त्यांनीच मागवला.