बाबांची डावी बाजू गेलीय, बसवलं तरी डावीकडेच कलंडतात, मशीनवाल्या सेंटरला टाकावं का?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलंय, सांभाळून घ्या. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. बाबा ७१ वर्षांचे. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे लघवीला उठले आणि बाथरूमच्या दारातच खाली बसले, डावा हात डावा पाय गेला, तोंड वाकडं, स्ट्रोक म्हणजे लकवा. गाडी मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली, त्यामुळे ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं नाही, साडेचार तासांच्या आत लागतं म्हणाले. १२ दिवस ऍडमिट होते, मग घरी. आता चार महिने झाले.

पाय थोडा उचलतात, हात खांद्यापासून जरासा हलतो, बोटं अजून बंदच. बोलणं एकदम व्यवस्थित, उसाच्या बिलाचा हिशोब माझ्यापेक्षा चोख. सगळा घोळ तोलाचा आहे. खाटेच्या कडेला बसवलं की दोन मिनिटांत डावीकडे कलंडतात, आणि आपण सरळ करायला गेलो की चांगल्या उजव्या हाताने खाटेला रेटा देऊन अजूनच तिकडे जातात, वर आम्हालाच ओरडतात "मला पाडताय काय रे!" भाऊ म्हणतो मुद्दाम करतात, आधीपासून हट्टी आहेतच. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राहते, विचारलं तर म्हणतात वाढलीच नाही. उभं करायला मी आणि भाऊ दोन्ही बाजूंनी काखेत हात घालतो आणि दारापर्यंत नेतो, नेतो म्हणजे जवळपास उचलूनच.

फिजिओ आठवड्यातून तीनदा येतो, २० मिनिटं, करंट लावतो, हात पाय वरखाली करतो आणि जातो. आता पुण्याच्या एका सेंटरवाल्याने सांगितलंय की रोबोटिक मशीनवर चालवू, महिन्याचं पॅकेज १ लाख ८० हजार, सहा महिन्यांचा गोल्डन पिरियड संपत आलाय लवकर ठरवा. आईने मध्ये एक मालिशवाला आणला, तो हात खेचून खेचून गेला, तेव्हापासून खांदा ठणकतोय. गावात एकाने तर कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, त्याला चहा पाजून वाटेला लावला. तर विचारायचं हेच की मशीनवर पैसे घालावेत का, आणि बाबा चालतील का? खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

फिजिओताई

दादा, मी न्यूरो फिजिओ आहे, १६ वर्षं हेच करतेय. न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून भावाला आधी सांगा की बाबा हट्टीपणा करत नाहीयेत. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसलेल्या काही पेशंटमध्ये स्वतःचं अंग सरळ आहे की तिरकं हे कळणारी जाणीवच बिघडते. त्यांना आपण सरळ करतो तेव्हा खरंच पडतोय असं वाटतं, मग जीव वाचवायला चांगल्या हातापायाने रेटा देतात आणि लुळ्या बाजूला जातात. आम्ही याला पुशर म्हणतो. तुम्ही जितकं ओढाल तितकं ते रेटतील, त्यामुळे ओढणं आजपासून बंद.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. अंगाची जाणीव चुकलेली असली तरी डोळ्यांना उभी रेघ उभीच दिसते. म्हणून त्यांना दाराच्या चौकटीसमोर बसवा आणि विचारा, चौकट सरळ आहे का, आता तुम्ही चौकटीसारखे आहात का. उत्तर त्यांनी स्वतः शोधायचं, तुम्ही सांगायचं नाही. मग उजवीकडे भिंत किंवा टेबल ठेवा आणि सांगा उजवा खांदा भिंतीला लावा. सरळ बसा म्हणून काही होत नाही, भिंतीला टेका म्हटलं की जमतं, कारण त्यात करायला काहीतरी काम असतं. उजव्या हाताने रेटा देत असतील तर तो हात मांडीवर उताणा ठेवायला लावा किंवा त्यात काहीतरी द्या. उजवीकडे हातभर लांब पाण्याचा तांब्या ठेवा, तो घ्यायला वाकले की वजन आपोआप उजव्या कुल्ल्यावर जातं.

भाजीचं वेगळं आहे, त्यांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, डोळ्यांचा दोष नाही तो. त्यासाठी गप्पा मारायला, चहा द्यायला डावीकडून या, ताट फिरवून दाखवा. म्हणजे तोलाच्या सरावाला वस्तू उजवीकडे आणि एरवी माणसं डावीकडे, गोंधळू नका.

आता काखेत हात घालून उचलायचं बंद करा. लुळ्या खांद्याचे स्नायू सांधा धरून ठेवत नाहीत, हाड खाली सरकलेलं असतं, त्यात तुम्ही काखेतून उचलता आणि मालिशवाला खेचतो, ठणकणार नाही तर काय. कमरेला रुंद जाड पट्टा बांधा आणि तो धरा, एक माणूस डावीकडे अगदी जवळ हवाच. बसलेले असताना हात उशीवर, लोंबता नको. खांदा डॉक्टरांना दाखवा.

आणि दोघांनी उचलून दारापर्यंत नेण्यात चाललं कोण? तुम्ही दोघं. तोल शिकायला माणूस थोडा डगमगायला लागतो, दोन्हीकडून घट्ट धरलं तर मेंदूला डगमगल्याचं कळतच नाही, सावरायचं कशाला मग. सध्या चालण्याचा नाद सोडा, उठणं बसणं घ्या. खाट उंच करा, खाटेच्या पायांखाली विटा घाला पण पक्क्या, बाबांची पावलं गुडघ्याच्या थोडी मागे, उजवं पाऊल किंचित पुढे म्हणजे डाव्यावर वजन येईल, नाक पायाच्या बोटांपुढे आणून उठायचं. पाच वेळा, मग दम, परत पाच, दिवसातून चारपाच वेळा. करंटने तोल येत नाही. फिजिओला नीट बोलून सांगा की बसण्याउठण्यावर काम करा, ऐकत नसेल तर बदला.

बाकी पुशर प्रकार बहुतेकांचा काही महिन्यांत बराच कमी होतो. मात्र चालतील का हे कुणी फोनवरून सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय.

बखरवाला

मशीनबद्दल लिहितो. आईला स्ट्रोक झाला तेव्हा रात्र रात्र वाचत बसायचो त्यातलं लक्षात राहिलेलं.

२०११ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, लीप्स नावाचा, ४०८ पेशंट. काहींना पट्ट्याने टांगून ट्रेडमिलवर चालवलं, काहींकडून फिजिओने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करून घेतले. वर्षाने बघितलं तर दोघांत फरक नाही, दोन्हीकडचे निम्म्याहून जास्त लोक आधीपेक्षा बरे चालत होते. आता ते ट्रेडमिल होतं, रोबोट वेगळा, हे मान्य. रोबोटवर जे अभ्यास एकत्र करून पाहिलेत त्यात फिजिओच्या जोडीने वापरला तर न चालणाऱ्या पेशंटला, तेही पहिल्या तीन महिन्यांत, जास्त उपयोग दिसतो. तुमचे चार झालेत. आणि मुळात बसता येत नाहीये तर मशीन टांगून चालवणार, खाली उतरवलं की परत डावीकडे. सेंटरवाल्याला एवढंच विचारा, महिन्याभरात मशीन सोडून किती वेळ बसण्याचा उभं राहण्याचा सराव घेणार, आणि आमच्या घरच्यांना शिकवणार का. काय उत्तर देतो बघा.

पण ताई, एक शंका. भारतातलाच अटेंड अभ्यास आहे ना २०१७ चा, १४ हॉस्पिटल, १२५० पेशंट, त्यातल्या निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं, सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा काहीच फरक नव्हता. मग घरच्यांनी करून होतं कुठे?

फिजिओताई

@बखरवाला बरोबर आहे, तो अभ्यास आमच्या लोकांना झोंबला होता. म्हणूनच मी फिजिओ काढून टाका असं कुठेच म्हटलं नाहीये. घरचा माणूस फिजिओची जागा घेऊ शकत नाही, पण माझ्या ४० मिनिटांनंतर उरलेला दिवस पेशंट घरच्यांच्याच हातात असतो, त्या वेळात त्यांनी काखेतून ओढलं तर माझे ४० मिनिटं पाण्यात. हे माझं मत, अनुभवाचं, अभ्यासाचं नाही.

गोल्डन पिरियडचं पण सांगते. पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने फरक पडतो, मग वेग कमी होतो हे खरंय. पण सहा महिने झाले की शटर पडतं असं काही नसतं. चांगला हात अडकवून ठेवून लुळ्या हाताला सक्तीचा सराव देण्याचा जो गाजलेला एक्साइट अभ्यास होता, २००६ चा, त्यात स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेलेच पेशंट घेतले होते आणि त्यांना फायदा झाला. अर्थात त्यात मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून वर उचलता यायला लागतात, तुमच्या बाबांचं ते अजून नाहीये, त्यामुळे आत्ता त्याच्या मागे लागू नका.

आजीची_नात

स्ट्रोक नाही पण धरून ठेवण्यावरून आमच्या आजीचं आठवलं. ८२ वर्षांची, सावंतवाडीला. पडवीत पायपुसणीवरून घसरली, हाड मोडलं नाही, नशीब. पण त्यानंतर घरातल्या सगळ्यांनी तिला "उठू नको गे, आम्ही देतो हातात" सुरू केलं. प्रेमानेच हो. तीन महिन्यांत मांड्या एवढ्याशा झाल्या, खुर्चीतून उठायला दोन माणसं. न पडता तिचं जास्त नुकसान झालं.

मग फिजिओने खुर्चीतून उठून ३ मीटर चालून वळून परत येऊन बसायला लावलं, घड्याळ लावून. १२ सेकंदांच्या वर गेलं की पडायचा धोका धरतात म्हणे, आजीला लागले ३१. व्यायाम काय तर स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, एका पावलापुढे एक पाऊल लावून उभं राहणं, असलेच. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात असाच घरच्या घरी करायचा व्यायामाचा कार्यक्रम बनवलाय, तिथल्या म्हाताऱ्या लोकांचं पडणं त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं होतं. आजी ओट्याला धरून टाचा उचलता उचलता आईला आमटीत मीठ किती घालायचं ते सांगते. अडीच महिन्यांनी १७ सेकंदांवर आलीय.

अजून एक, डॉक्टरांनी बीपी झोपून आणि उभं करून दोन्ही मोजलं, उभं राहिल्यावर धपकन खाली येत होतं. गोळी बदलली, झोपेची गोळी बंद केली. आम्ही आपले सगळं वयावर ढकलत होतो. आणि सगळ्या पायपुसण्या फेकल्या.

डावा_हात

मी स्वतः पेशंट आहे, २०१९ ला झाला, बाजू डावीच. एका हाताने टाइप करतोय, चुका असतील.

बाबांना काय वाटतंय ते सांगतो. मला सरळ बसवायचे तेव्हा गच्चीच्या कठड्यावरून उजवीकडे ढकलल्यासारखं वाटायचं. माझ्या बायकोला मी शिव्या दिल्यात त्यावरून, अजून लाज वाटते. दुसरं म्हणजे दमणूक. पाच वेळा उठलो बसलो की शेतात दिवसभर राबल्यासारखं व्हायचं, लोकांना वाटायचं आळस. झोपू द्या त्यांना मध्ये.

मी आता काठीने चालतो, घरात काठीशिवाय. काठी चांगल्या हातात धरायची, लुळ्या बाजूला नाही, सगळे चुकतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा आधी, आणि मी अजून कठडा धरतो. हात अर्धाच आला, शर्टाची बटणं बायको लावते. पैसे कमी असतील तर मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था आहे, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, १९५५ पासून आहे, एकदा दाखवून या. मी तिथे आठवडाभर लॉजवर राहून शिकून आलो.

कृष्णाकाठचा

१५ दिवसांनी लिहितोय, माफ करा, कारखान्याला ऊस तोडणी चालू होती. सगळ्यांचे लई आभार.

चौकटीसमोर बसवलं. पहिल्या दिवशी बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले "चौकट तर सरळ हाय. मग मीच वाकडा व्हय?" आणि स्वतःच हसायला लागले. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले. भाऊ उठून बाहेर गेला, गोठ्यात उगाच काहीतरी करत बसला.

उजवीकडे तांब्या ठेवतो, तंबाखूची डबी ठेवली असती तर अजून लांब हात गेला असता पण ती बंद केलीय. काल पाठीला टेकण न लावता १२ मिनिटं बसले, मी मोबाईलवर लावली होती वेळ. उभं राहणं पट्टा धरून होतंय, रेटा अजून देतात पण दमले की जास्त, सकाळी कमी. एकदा माझ्या अंगावर आले, दोघंही खाटेवर पडलो, लागलं नाही कुणाला. खांद्याला डॉक्टरांनी पट्टा दिलाय, दुखणं थोडं कमी. फिजिओशी बोललो, तो आधी रागावला, मग म्हणाला तुम्हीच करंट पायजे म्हणत होता. खरंय ते, आई म्हणत होती. आता तो करंट न लावता अर्धा तास उठबस घेतो.

सेंटरवाल्याला बखरवाल्यांनी सांगितलेलं विचारलं तर म्हणाला घरच्यांना आत सोडत नाही. नाही टाकलं तिथे. हाजी अलीला जायचं बघतोय पण एवढ्या लांब गाडीत बसतील का? मध्ये कुठे थांबून झोपवत न्यावं का सलग? कुणी असं पेशंट घेऊन गेलं असेल तर सांगा, आणि डावीकडच्या सीटवर बसवू की उजवीकडच्या?

फिजिओताई

मागच्या सीटवर उजव्या दाराकडे बसवा म्हणजे उजवा खांदा दाराला टेकेल, डावीकडे तुम्ही बसा. बेल्ट लावायचा, डाव्या हाताखाली उशी. दर दीड तासाने थांबून गाडीचं दार धरून दोनतीनदा उभं करा, नाहीतर पाय आखडतील. आणि रिपोर्टची फाईल डिकीत टाकू नका.