दोन लाख वेळेवर की दोन कोटी कधीतरी? खान्देशातल्या प्राध्यापकांच्या संशोधनाचं काय करायचं

तापीकाठ
2023 साली अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा, कायदा झाला. 5 वर्षांत 50,000 कोटींचा आकडा, त्यात सरकारचे 14,000 कोटी, बाकीचे उद्योगांकडून आणि देणगीदारांकडून यायचे. आता सांगा, शहादा, चोपडा, साक्रीच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाच्या टेबलावर यातलं काय पोचणार? तिच्या 'पेअर' योजनेत नामांकित संस्था मध्यभागी आणि बाकीची विद्यापीठं तिला जोडलेली. पहिल्या टप्प्यात साध्या कॉलेजला जागाच नाही.

माझं म्हणणं एवढंच: यूजीसीचे मायनर, म्हणजे छोटे संशोधन प्रकल्प असायचे, विज्ञानाला 5 लाखांपर्यंत, तसं काहीतरी परत आणा. दोनच लाख द्या, पण जूनमध्ये द्या. आणि शिकवण्याच्या आठवड्याच्या 16 तासांतले 4 कमी करा.

धुळ्याचा रेफरी
मायनरचे गोडवे पुरे झाले, सर. असे अहवाल मी वाचलेत. 'अमुक तालुक्यातील महिलांचा सामाजिक-आर्थिक अभ्यास', शंभर प्रश्नावल्या, टक्केवारीचे तक्ते, आणि निष्कर्ष काय तर शिक्षण वाढलं पाहिजे. खर्चात लॅपटॉप आणि प्रिंटर. प्रमोशनचे गुण मिळाले, अहवाल कपाटात. थोडा थोडा पैसा सगळ्यांना वाटण्यापेक्षा जळगावला विद्यापीठात एक चांगलं उपकरण केंद्र चालवा आणि कॉलेजांनी तिथे नमुने पाठवावेत. ज्याच्यात दम आहे तो मोठ्या योजनेतूनही पैसा आणतो.

तापीकाठ
नमुने पाठवा म्हणणं सोपं आहे. आमच्या विभागात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, त्याचा ड्युटेरियम दिवा गेला. प्रकल्पाची मुदत संपलेली, त्यामुळे दुरुस्तीच्या खर्चाला हिशेबात शीर्षकच नाही. तीन कोटेशन मागवली, संस्थेच्या कार्यालयाने विचारलं, 'हा खर्च टाकू कुठे?' मशीनवर टॉवेल टाकून ठेवलाय. अनुदान येतं फेब्रुवारीत, 31 मार्चपर्यंत संपवा, मग 12-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र. पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या पोर्टलवर, एक आकडा चुकला की पुढचा हप्ता अडकला. मोठ्या संस्थेत या कामाला माणसं असतात. इथे प्राध्यापकच कारकून.

(लॅपटॉपचं मात्र खरं आहे. तो खर्च बंदच करा.)

रावेरचा केळीवाला
मास्तरले पगार भेटस ना, मंग? असं आमच्याकडे सरळ विचारतात. रागावू नका, पण आम्हाला काय मिळालं ते सांगा. केळीवर सीएमव्ही (काकडीवरचा मोझॅक विषाणू) आला की पानं पिवळी पट्टेदार होतात, झाड उपटून फेकावं लागतं. मावा कीड तो पसरवते, बागेजवळ काकडीवर्गीय वेल, मिरची, टोमॅटो नको, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण माझ्या शिवारात मावा नेमका कोणत्या आठवड्यात वाढतो, बांधावरच्या कोणत्या तणात रोग टिकतो, हे कोण बघणार?

धुळ्याचा रेफरी
भाऊ, ते काम कृषी विद्यापीठाचं. जळगावात राहुरीचं केळी संशोधन केंद्र आहेच.

तापीकाठ
आहे, आणि त्यांनी ते करावंच. पण दर आठवड्याला त्याच बांधावर जाऊन पिवळे चिकट सापळे मोजणं हे रावेर-यावलच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला आणि एमएस्सीच्या दोन पोरांना जमेल. त्यात कोटी लागत नाहीत. पेट्रोल, सापळे, नमुने तपासायचे किट, पोरांना थोडं मानधन. मोठ्या योजनेत हे बसतच नाही, कारण 'नवीनता' काय असं विचारतात.

अक्राणी सीएचबी
दोघांनाही नमस्कार. मी तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवतो, म्हणजे जेवढे तास तेवढंच मानधन. नेट, पीएचडी दोन्ही झालंय, पण बहुतेक ठिकाणी अर्जातच 'नियमित अध्यापक' असं विचारतात. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून मानधन नाही, आणि पाड्यांवर फिरायला खरी सवड तेव्हाच. माझ्या वर्गात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या घरांतली मुलं आहेत. लग्न जुळवताना तपासणीचं कार्ड दाखवतात की लपवतात, हा विषय मला समोर दिसतोय, पण मी कुणाच्याच योजनेत नाही. जागा रिकाम्या ठेवून संशोधनाच्या गप्पा कशाला?

बाकी सरांचे 4 तास कमी झाले तर ते मलाच मिळतील, म्हणून तेवढ्यापुरता मी तापीकाठ यांच्या बाजूने.

धुळ्याचा रेफरी
सीएचबीचा मुद्दा मान्य, तो आधी सुटायला हवा. पण वाटपाचं काय? दोन लाख कुणाला द्यायचे ते कोण ठरवणार, संस्थाचालक? मग मिळणार कुणाला हे आपल्याला ठाऊक आहे. 2018 पासून यूजीसीने केअर ही मान्य संशोधन-नियतकालिकांची यादी चालवली, 2025 च्या सुरुवातीला तीही बंद केली, म्हणजे आता पेपर कुठे छापला याचीही चाळणी सैल. कच्चा डेटा आणि अहवाल लोकांसमोर ठेवणार असाल तर बोला.

तापीकाठ
ठेवा की. अहवाल, डेटा, बिलं, सगळं विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. निवड बाहेरच्या विद्यापीठातल्या माणसांकडून करून घ्या, संस्थाचालक नको. पण पैसे जूनमध्ये हवेत, यावर मी मागे हटणार नाही. मावा मार्च एंडची वाट बघत नाही.

रावेरचा केळीवाला
बिलं नका दाखवू, सापळे दाखवा. बांध माझा घ्या, लागवड जुलैची आहे.