फराळाच्या ऑर्डरमध्ये पामतेल नको : खरंच जंगल वाचतं, की नुसतं मनाचं समाधान?

राजेंद्रनगरकर

आमच्या मंडळाची दिवाळी फराळाची एकत्र ऑर्डर जाते दरवर्षी. यंदा मीटिंगमध्ये मी म्हटलं, तळणीला पामोलिन नको, शंकरपाळ्यांना डालडा नको, शेंगदाणा नाहीतर आपल्याकडचं सोयाबीन तेल वापरणाऱ्यालाच ऑर्डर देऊ. खजिनदारांचं म्हणणं, किलोमागे भाव चढतो तो कोणी द्यायचा, आणि बोर्निओ बेटावरच्या माकडांसाठी इंदूरच्या पेन्शनरांनी महाग चकली का खायची. हशा झाला, विषय संपला. मला तो संपलेला वाटत नाही म्हणून इथे टाकतोय.

जगातलं जवळपास ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं आणि ते आयात करणाऱ्यांत आपला देश पहिला. ज्या गावात सकाळी पोह्यांवर, दुपारी वरणभातावर आणि रात्री सराफ्यात दिसेल त्यावर शेव पडते त्या गावाने निदान विचारावं तरी ना की ही तळलीये कशात. तिकडे बागांसाठी दलदलीतलं जंगल तोडलं, कालवे खणून पाणी काढून टाकलं, आणि ती जमीन म्हणजे हजारो वर्षं साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा, ती सुकली की जमीनच पेटते. २०१५ च्या एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागर तापून तिकडे पाऊस आटतो त्या वर्षी, इंडोनेशियात साधारण २६ लाख हेक्टर जळालं. तो धूर काय तिकडेच थांबतो?

शेव_सम्राट

भिया भावना पोचल्या, हिशोब नाही पोचला. पामच्या एका हेक्टरातून तीन-साडेतीन टन तेल निघतं, सोयाबीनच्या हेक्टरातून अर्धा टन निघालं तरी पुष्कळ. उद्या अख्ख्या जगाने राजेंद्रनगरकरांचं ऐकलं तर तेवढ्याच तेलाला सहा-सात पट जमीन लागेल, ती कुठून आणणार? आपल्याकडे बाहेरून येणारं सोयातेल बरंचसं अर्जेंटिना आणि ब्राझीलचं, म्हणजे बोर्निओतला ओरांगउटान वानर वाचवला आणि तिकडचा जॅग्वार मारला. पाम वाईट नाहीये, ते कुठलं जंगल कापून लावलं ते वाईट आहे.

आणि पामोलिनमधली शेव जास्त दिवस टिकते, लवकर खवट होत नाही, हे कोणी बोलतच नाही.

राजेंद्रनगरकर

अहो मी जगाचं नाही बोलत, आमच्या एका ऑर्डरचं बोलतोय.

शेव_सम्राट

मग एका ऑर्डरने बोर्निओत काय होणार, तेच तर विचारतोय.

मातीवाली

सम्राटदादा, हेक्टरचा आकडा बरोबर आहे पण "खरेदीदाराने काही होत नाही" हे तितकंसं बरोबर नाही. ब्राझीलचंच बघा. २००४ मध्ये त्यांच्या अॅमेझॉनमध्ये एका वर्षात २७,७७२ चौ. किमी जंगल कापलं गेलं होतं, २०१२ मध्ये ते ४,५७१ वर आलं. उपग्रहाने नजर, दंड, नवी अभयारण्यं, कर्ज अडवणं, हे सगळं सरकारने केलं, पण त्यातच २००६ चा एक करार पण होता की नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन मोठे व्यापारी उचलणारच नाहीत. तो युरोपातल्या गिऱ्हाइकांच्या दबावानेच झाला. नंतर सरकार बदललं, नजर ढिली पडली, २०२१ ला १३,०३८. पुन्हा कडक झाले तर २०२४ ला ६,२८८. म्हणजे जंगल तुटणं ही काही दैवी घटना नाही, त्याला नळ आहे आणि तो फिरवता येतो. मात्र त्याच २०२४ मध्ये जगभरात ६७ लाख हेक्टर मूळ उष्णकटिबंधीय जंगल गेलं, त्यातलं निम्म्याच्या आसपास आगींमुळे. कुऱ्हाड थांबवली तरी आग थांबत नाहीये, हा नवा प्रकार आहे, आणि माझ्या मते खरी चर्चा इथून सुरू व्हायला पाहिजे, फराळावरून नाही.

छावणीचे_काका

मुली, तुझे आकडे ठीक आहेत पण हे आम्हाला कोण शिकवतंय ते बघ. युरोपने आपली रानं केव्हाच साफ केली, कारखाने काढले, श्रीमंत झाले, आणि आता गरीब देशांनी जंगलं सांभाळायची आणि त्यांनी टॉवर बांधून त्यांचा श्वास मोजायचा. अॅमेझॉनमध्ये ३२५ मीटरचा टॉवर उभा केलाय म्हणे नुसती हवा मोजायला. तेवढ्या पैशात किती फॉरेस्ट गार्ड आले असते? आणि आपलं इंदूर बघ, १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर २४ तासांत १२ लाखांच्या वर रोपं लावली, गिनीजमध्ये नाव गेलं. आम्ही स्वतः गेलो होतो चिखलात. बोलण्यापेक्षा लावणं बरं.

मातीवाली

काका, तुम्ही गेलात हे छानच, पण टॉवर नुसती हवा मोजत नाही हो. जुनं उभं जंगल अजून कार्बन ओढतंय की ओकतंय हे कोणी न मोजता कळणार कसं? आफ्रिका आणि अॅमेझॉनमधल्या ५६५ जागी, तीन लाखांवर झाडांचा घेर माणसांनी टेप लावून वर्षानुवर्षं मोजला, त्यातून २०२० साली कळलं की न तोडलेल्या उष्णकटिबंधीय जंगलांनी १९९० च्या दशकात ४६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषला होता आणि २०१० च्या दशकात तो २५ अब्ज टनांवर आला. झाडं उभी आहेत, उपग्रहाला हिरवं दिसतंय, पण काम जवळपास निम्मं झालंय. पुढच्या वर्षी विमानातून हवेचे नमुने घेणाऱ्या ब्राझीलच्या गटाने सांगितलं की अॅमेझॉनचा आग्नेय भाग घेण्यापेक्षा जास्त सोडतोय.

अजून एक सांगते कारण मला ते फार आवडतं. ब्राझीलमध्ये काशिउआना म्हणून जागा आहे, तिथे २००२ पासून वीसहून जास्त वर्षं एक हेक्टर जंगलात पानांच्या छताखाली प्लॅस्टिकचे पत्रे लावून निम्मा पाऊस जमिनीवर पडूच दिला नाही. पहिली एक-दोन वर्षं काहीच झालं नाही, लोक म्हणाले बघा जंगल टिकतं. मग मोठी झाडं मरायला लागली, लहान नाही, सगळ्यात मोठी, कारण इतक्या उंचीवर पाणी खेचताना त्यांच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे धरतात आणि पाणी तुटतं. कार्बन तर मोठ्या झाडांतच असतो ना! दोन वर्षांत प्रयोग गुंडाळला असता तर उलटंच उत्तर घेऊन बसलो असतो. म्हणून हे लांबचे प्रयोग लागतात, आणि गार्ड पण लागतात, एकाच्या बदल्यात दुसरं कशाला.

तापमानाचंही तसंच. सगळ्यात गरम महिन्यात दिवसाचं कमाल तापमान ३२.२ अंशांच्या वर गेलं की या जंगलांचा साठा वेगाने घसरतो असं त्या मोजमापांतून निघालं. आपण ३२ ला स्वेटर काढायचा विचार करतो.

माजी_रेंजर

वृक्षारोपणावर बोलतो, नोकरी त्यातच गेली. रोप लावणं वाईट नाही. पण रोपांची संख्या आणि जंगल यांचा संबंध फार कमी. बोर्निओवरच्या सारवाकमध्ये लाम्बिर टेकड्यांवर ५२ हेक्टरचा अभ्यासाचा तुकडा आहे, त्यात झाडांच्या जवळपास १,२०० जाती आहेत. कुठल्या नर्सरीत मिळतील?

आणि तिकडची मोठी झाडं आपल्या सालाच्याच कुळातली बरं का. अमरकंटकला ज्यांनी साल बघितलाय त्यांना माहीत असेल, बी पिकतं पावसाच्या तोंडावर, पडलं की आठवड्याभरात ओल मिळाली तर रुजतं नाहीतर मेलं. पेटीत भरून ठेवता येत नाही. बोर्निओतले त्याचे भाऊबंद तर दरवर्षी फुलतही नाहीत, काही वर्षांनी एकदा सगळं रान एकदम फुलतं, आणि ते बऱ्याचदा एल निनोच्या वर्षी. एवढं बी पडतं की रानडुकरं, खारी, पोपट सगळे खाऊनही उरतं, त्या उरलेल्यातून पुढची पिढी. आता हवामानच बिघडलं, पाऊस पुढेमागे झाला, तर बी आणि ओल यांची गाठ पडणार कशी? हे काही खड्डा-रोप-फोटोने भरून निघत नाही.

तोडलेलं जंगल परत येतं का, तर येतं, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आणि पश्चिम आफ्रिकेत मोजलंय लोकांनी. जमीन नांगरून पार मेलेली नसेल आणि जवळ जुनं रान असेल तर माती दहा वर्षांच्या आत सावरते, जातींची संख्या २५ ते ६० वर्षांत, पण मूळच्याच जाती आणि मूळचं वजन यायला १२० वर्षांहून जास्त. आपल्या हुकुमचंद मिलच्या जागेवरचंच बघा की, मिल १९९१ ला बंद पडली, कोणी एक रोप लावलं नाही, आपोआप रान झालं, आणि आता त्यावर बांधकाम येणार म्हणून लोकांना रस्त्यावर यावं लागतं. लावलेल्याचा रेकॉर्ड होतो, उगवलेल्याला कोणी विचारत नाही.

छावणीचे_काका

रेंजर साहेब, तुमचं खातं रोपं लावायचं तेव्हा तुम्ही बोलला होतात का हे?

माजी_रेंजर

बोललो होतो. फाइलवर. बदली झाली.

सोयाबीनवाला_सांवेर

सगळे ओरांगउटानचं बोलतायत, शेतकऱ्याचं पण बोला. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि मंडीत आम्ही त्याच्या खालीच विकलं. का, तर बाहेरून स्वस्त तेल येतं. वर्षाला १६० लाख टनांच्या आसपास खाद्यतेल आयात करतो आपण, त्यात सर्वात मोठा हिस्सा पामचा. सप्टेंबर २०२४ ला आयात ड्युटी वाढवली, जरा बरं वाटलं, मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरची परत कमी केली. म्हणून राजेंद्रनगरकर भाऊंच्या बाजूने आहे मी, जंगलासाठी नाही, स्वतःसाठी. इथल्या सोयाबीनचं तेल घ्या, त्यासाठी कुठलं नवीन रान कापलेलं नाही, ही जमीन आमच्या आज्यांनी कसलेली आहे. सम्राटला सांगा, जगाला सहा पट जमीन लागेल ते लागेल, माळव्यात ती आधीच पेरलेली आहे.

शेव_सम्राट

हा मुद्दा मानतो. पण माळव्याचं सोयाबीन सगळ्या देशाला पुरत नाही ना दादा, त्यामुळे पाम येतच राहणार. मग ते बाहेरून कशाला, आपल्याच देशात लावा की. २०२१ ला सरकारने ११,०४० कोटींची पाम योजना आणली आहे.

मातीवाली

आणि ती योजना जोर कुठे देते? ईशान्य भारत आणि अंदमान. म्हणजे देशात खरं पावसाळी जंगल जिथे उरलंय नेमकं तिथेच! मिझोरममध्ये आधीपासून लावलंय. म्हणणार की पडीक जमिनीवर लावतोय, पण झूम शेतीनंतर (रान तोडून-जाळून थोडे दिवस पिकवायचं आणि पुढे सरकायचं) सोडलेली जमीन पडीक नसते, रेंजर काका म्हणाले तेच, ती परत जंगल होत असते, तिथे पक्षी असतात, बांबू असतो. पामच्या बागेत यातलं फारच थोडं परत येतं. आंध्र-तेलंगणात सिंचनाच्या शेतात लावतात त्याला मी एवढी ओरडणार नाही, पाण्याचा प्रश्न वेगळा. मोठ्या निकोबारला तर बंदर आणि शहरासाठी १३० चौ. किमी जंगल वळवायचंय आणि त्याची भरपाईची झाडं हरयाणात लावणार आहेत.

राजेंद्रनगरकर

हरयाणात??

माजी_रेंजर

हो. नियमात बसतं ते. बेटांवर जंगलाचं प्रमाण आधीच ७५ टक्क्यांच्या वर म्हणून भरपाई दुसऱ्या राज्यात चालते. कागदावर हेक्टराला हेक्टर.

छावणीचे_काका

देशाला बंदर पण पाहिजे. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे ते बेट, चीन काय झाडं मोजत बसलाय का. सगळ्यालाच नाही म्हणायचं तर देश चालवायचा कसा?

मातीवाली

काका बंदर पाहिजे की नको हा वेगळा वाद, तो करा. पण हरयाणातल्या रोपांना निकोबारच्या जंगलाची भरपाई म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. नुकसान झालं तर नुकसान लिहा ना वहीत.

शेव_सम्राट

बरं, जे पाम येणारच आहे त्याचं काय ते कोणी सांगणार का? २००८ पासून प्रमाणपत्रवालं पाम मिळतं, जंगल न तोडता काढलेलं. इंडोनेशियाने पण २०११ ला मूळ जंगलात आणि दलदलीत नवीन परवाने थांबवले, २०१९ ला ते कायमचं केलं, पामसाठी होणारी तोड त्यांच्याकडे आधीपेक्षा कमी झाली. आपले नमकीनवाले ते प्रमाणपत्रवालं तेल मागतच नाहीत, कारण गिऱ्हाईक मागत नाही. बहिष्कारापेक्षा हे मागणं जास्त कामाचं आहे असं माझं मत.

सोयाबीनवाला_सांवेर

प्रमाणपत्र कोण तपासणार? आमच्या मंडीत ओलाव्याचं मशीन पण दर ट्रॉलीला वेगळं दाखवतं.

मातीवाली

तपासणीत भोकं आहेत, नाही म्हणत नाही. पण उपग्रहाचे फोटो आता सगळ्यांना फुकट बघता येतात, कुठल्या मिलच्या आजूबाजूचं जंगल कधी गेलं ते दिसतं. युरोपने २०२३ ला कायदाच केला, ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचा माल नको, लागू करणं पुढे पुढे ढकलतायत ते सोडा. ते त्यांच्या व्यापाऱ्यांकडून जमिनीचा नकाशा मागू शकतात तर सर्वात जास्त तेल घेणारे आपण का नाही मागत?

शेव_सम्राट

कारण ते महाग तेल परवडणारे लोक आहेत ताई. इथे पाव किलो शेव घेताना लोक दोन रुपयांसाठी दुकान बदलतात.