'उरुग्वेवंशीय ब्राझिलियन' आणि 'दोब्ले चापा'

प्रश्न : ब्राझीलच्या रिओ ग्रांदी दो सुल राज्यातल्या उरुग्वेयी लोकांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'उरुग्वेवंशीय ब्राझिलियन' चालेल ना? मधूनच 'दोब्ले चापा' असा शब्द येतो, त्याला काय म्हणावं?

— पोर्तो आलेग्री किंवा साओ पावलोत स्थायिक झालेल्यांच्या मुला-नातवंडांना 'उरुग्वेवंशीय' अगदी बरोबर. सीमेवर मात्र तो शब्द तोकडा पडतो. 'चापा' म्हणजे गाडीची नंबरप्लेट. दोन देशांच्या पाट्या मिरवणारा माणूस तो 'दोब्ले चापा' : आई अलीकडची, वडील पलीकडचे, कागदपत्रं दोन्हीकडची. उरुग्वेचं रिव्हेरा आणि ब्राझीलचं सांताना दो लिव्रामेंतो यांच्यामध्ये नदी नाही, कुंपण नाही. १९४३ सालचा आंतरराष्ट्रीय चौक दोघांचा सामाईक. चुईला तर भर गावातला हमरस्ता हीच सीमा. तिथे कोण कुणाच्या देशात 'आला', हे कसं ठरवणार? शिवाय 'दोब्ले' हा स्पॅनिश शब्द, पोर्तुगीजमध्ये 'दुप्ला' हवं. तरी ब्राझीलकडचेही 'दोब्ले'च म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. तो तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत उलगडून सांगा.

— 'दुहेरी नागरिक' म्हटलं तर?

— ती कायद्याची भाषा झाली. एकाच देशाचं नागरिकत्व असलेल्या सीमावासीयांनाही शेजारच्या देशात राहण्या-शिकण्या-काम करण्याचा परवाना मिळतो, २००२ च्या करारानुसार. दोब्ले चापा असणं हे घरातून येतं.

— ताई, १९७३ च्या लष्करी उठावानंतर उरुग्वे सोडून आलेल्यांचा उल्लेख असेल तर सरसकट 'स्थलांतरित' लिहू नका. त्यांतले कितीतरी जण राजकीय आश्रयाच्या शोधात निघाले होते. ब्राझीलमध्येही तेव्हा लष्कराचंच राज्य होतं. १९७८ मध्ये पोर्तो आलेग्रीतून लिलियान सेलिबेर्ती आणि उनिवेर्सिंदो रोद्रिगेस दियास या उरुग्वेयी राजकीय कार्यकर्त्यांना पळवून उरुग्वेत नेलं गेलं. अशांसाठी 'परागंदा' हा आपला शब्द चपखल आहे.

— जुना काळ असेल तर 'मारागातो' भेटेल. उरुग्वेत हे नाव सान होसे भागातल्या लोकांचं. १८९३ च्या बंडात रिओ ग्रांदीत सरकारविरुद्ध उठलेल्या फेडरलिस्टांना 'परके' म्हणून हिणवायला विरोधकांनी हे नाव वापरलं, आणि त्यांनी ते अभिमानाने मिरवलं. त्यांचा सेनानी गुमेर्सिंदो ब्राझीलमध्ये 'साराइव्हा', तर त्याचा सख्खा भाऊ आपारिसियो उरुग्वेत 'साराव्हिया'! आडनावं ज्या त्या देशाप्रमाणेच लिहा.

— आणि 'ओरिएंताल' आलं तर 'पौर्वात्य' करू नका. उरुग्वे नदीच्या पूर्वेकडचे, म्हणजे उरुग्वेयीच.