सामन्याच्या दिवशी कोचने स्वतःला कसं आवरायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गेली ६ वर्षं पुण्यात एका मंडळात १४ वर्षांखालच्या मुलींना खो-खो शिकवतोय. नोकरी सांभाळून, रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. सरावात माझा आवाज चढत नाही, पालकही हेच सांगतील. सामन्याच्या दिवशी मात्र माझा माझ्यावर ताबा राहत नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. उपांत्य सामना, शेवटचं आक्रमण आमचं, दीड मिनिट उरलेलं. बरोबरीला एक गडी हवा, जिंकायला दोन. मी रेषेबाहेरून सतत ओरडत होतो, "पळ, पळ! दे खो! दे ना खो!" चौथ्या चौकोनात आमच्या संघातली सगळ्यात लहान मुलगी बसली होती. ती उठली आणि धावत सुटली. मागून तिला खो मिळालाच नव्हता. शिट्टी वाजली, लवकर उठल्याचा फाऊल. ते निस्तरेपर्यंत पळणारी पार पलीकडच्या खांबाशी पोचली होती. एका गुणाने हरलो.

मी आधी पंचांशी हुज्जत घातली. तिथून परत आलो आणि सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "खो कधी मिळतो तेवढंही कळत नाही का तुला?" ती गुडघ्यावरची माती नखाने खरवडत बसली होती. तिने वर पाहिलंच नाही.

हरण्याचं मला इतकं लागलेलं नाही. एका पालकांनी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ पाहिला, ते लागलंय. आपल्याकडे आठ जणी एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात. माझ्याकडे तोंड असलेल्या चौघींपैकी एकही पळणाऱ्या मुलीकडे बघत नव्हती, चौघी माझ्याकडे बघत होत्या. पाठमोऱ्या चौघींच्या माना माझ्या प्रत्येक हाकेला मागे वळत होत्या.

ती लहान मुलगी सरावाला नियमित येते. पण आता बसताना माझ्याकडे पाठ होईल असा चौकोन मागून घेते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून आमच्याकडे मुली वाढल्या, सामन्याला पालक गर्दी करू लागले. ते बघत असतात याचं दडपण माझ्यावर येतं, हे मान्य करतो. पण त्याचा भार मुलींनी का सोसायचा?

तोंडात लवंग धरून पाहिली, लांब जाऊन उभा राहून पाहिलं. दोन मिनिटांत परत रेषेवर येतो. पुढची स्पर्धा तोंडावर आली आहे. ज्यांनी संघ सांभाळले आहेत त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते सांगा. आणि त्या मुलीशी कसं बोलू?

जुना पंच, कोथरूड

तुम्हीच लिहिलेलं पुन्हा वाचा. तुम्ही ओरडत होतात "दे खो". मुलीने खो ऐकला, तो तुमचा होता. खो मागून, हात लावून आणि मोठ्याने द्यायचा असतो, हे तिला शिकवलेलं आहेच. पण दीड मिनिट उरलेलं असताना १२ वर्षांच्या पोरीचा कान आधी सरांचा आवाज पकडणार. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले, तिथपासून मैदानावर हुकूम चालतो तो या एका शब्दाचा. बाहेरून तो शब्द उच्चारायचाच नाही, हा पहिला नियम करा.

दुसरं, हाताला काम द्या. एक वही, एक घड्याळ. समोरची प्रत्येक मुलगी किती वेळ टिकली, साखळीने म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळते की गोल फिरते, कुठल्या खांबाशी दमते, हे लिहा. तीन-तीनच्या तुकड्या येतात, त्याप्रमाणे रकाने पाडून ठेवा. तुमच्या गटात ७ मिनिटांची पाळी असते, लिहिता लिहिता कशी संपते कळतही नाही. मग जे सांगायचं ते मधल्या विश्रांतीत, वहीत बघून सांगा. त्यातही दोनच गोष्टी सांगा, दमलेल्या पोरींच्या डोक्यात तिसरी शिरत नाही. आणि पंचांशी बोलायचं ते कर्णधाराने. तुम्ही रेषेवर आलात की तुमचा संघही पंचांवर चिडायला शिकतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

एका खेळाडूची आई

सर, माफी सगळ्यांसमोर मागा, कारण बोललात सगळ्यांसमोर. फक्त तिला उभं करू नका, पुढे बोलावू नका, तिला त्याचाही त्रास होईल. नेहमीसारखं गोलात बसवून सांगा. "पण तूही जरा लक्ष द्यायला हवं होतंस" हे शेपूट जोडू नका. माझ्या मुलीला तिच्या आधीच्या सरांचं ते शेपूटच लक्षात राहिलंय, माफी आठवत नाही.

धागाकर्ता

पंचसाहेब, तुमची पहिली तीन वाक्यं वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. इतके दिवस व्हिडिओ बघतोय, आवाज बंद करून बघत होतो. काल आवाज लावून पाहिला. ती उठते त्याच्या बरोबर आधी माझा खो आहे.

आज सराव सुरू होण्याआधी सगळ्यांना बसवून सांगितलं की चूक माझी होती. ताई, शेपूट जोडलं नाही. ती काही बोलली नाही. सराव संपल्यावर सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाली, "सर, मला खरंच खो ऐकू आला होता."

वही आणली आहे, रकाने पाडून ठेवले. संघाबरोबर येणाऱ्या ताईंना सांगून ठेवलंय, माझा आवाज चढला की खांद्यावर हात ठेवा. रविवारी सकाळी ८ वाजता पहिला सामना आहे. कसं झालं ते इथेच लिहितो.