रोबोटने ठिपका सोडून कोरी जेल उचलली. कुठं चुकलं?

पऱ्हाटी_दारव्हा:
घरच्या वावरातल्या गुलाबी बोंडअळ्यांवर माझा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. बीटी पऱ्हाटीची बोंडं खाऊनही जगलेल्या अळ्या आणि नॉन-बीटीवरच्या अळ्या, दोन्हींच्या आतड्यातली प्रथिनं टू-डी जेलवर (लवचिक पातळ थर, यात प्रथिनं विद्युतभार आणि वजनानुसार दोन दिशांना वेगळी होऊन ठिपके बनतात) पसरवली. पहिल्या दिशेची जेल-पट्टी ७ सेंमीची, ठिपके दिसायला कूमासी हा निळा रंग. फरक दिसणारे २३ ठिपके निघाले.

त्यांतली प्रथिनं ओळखायला ठिपके कापून काढावे लागतात, त्यासाठी शहरातल्या एका लॅबमधला रोबोट मिळाला. जेल काचेवर ठेवून, काचेच्या कडेला दोन खुणेचे स्टिकर लावून कॉलेजातच स्कॅन केली, ठिपक्यांची यादी केली. मग काच फडक्यात आणि जेल आईच्या पापडाच्या डब्यात, डिस्टिल्ड पाण्यात. मे महिना, एसटी दोन तास उशिरा, डबा मांडीवर. बाजूच्या आजीनं विचारलंसुद्धा, "काय व माय, खरवस हाय का?"

तिथं जेल काचेवर मधोमध बसवली. रोबोटच्या कॅमेऱ्यानं स्टिकर ओळखले, दीड मिलीमीटरची नळी खाली आली, तुकडे ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये पडत गेले. नंतर बघते तर मधले ठिपके बरोबर, कडेचे नऊ मात्र जागेवर तसेच आणि शेजारी कोरी भोकं! ऑपरेटर म्हणाला, मशीन ठीक आहे. मग काय चुकलं?

जुनी_पिपेट:
उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. जेल नुसती सरकली असती तर सगळेच ठिपके सारखे चुकले असते. मधले बरोबर आणि कडेचे बाहेर, म्हणजे जेल फुगली. साध्या पाण्यात ती फुगतेच, अल्कोहोलात आकसते. स्टिकर काचेवर आणि काच काही फुगत नाही. रोबोट बिचारा जुन्याच नकाशावर चालला. स्कॅन आणि कापणी एकाच द्रावात, एकाच दिवशी, त्याच टेबलावर करा. १ टक्का ॲसेटिक ॲसिड चालतं. नाहीतर जेल ओतायच्या आधी काचेला बाइंड-सिलेन हे जेल चिकटवणारं रसायन लावा, मग ती काच धरून बसते.

वऱ्हाडी_प्रोटीन:
ताई, २३ ठिपक्यांसाठी रोबोट? बाप्पा! पायलीभर तुरीसाठी थ्रेशर काहून लावता? शेकड्यानं ठिपके असले तर गोष्ट येगळी. १ मिली पिपेटच्या टिपचं टोक ब्लेडनं कापा, ठिपक्यावर दाबा, उचला. फक्त केस बांधा, हातमोजे घाला. मी एकदा हिवाळ्यात लोकरीची शाल पांघरून कापत बसलो, मास स्पेक्ट्रममध्ये (प्रथिन ओळखायची तपासणी) केराटिनच केराटिन, म्हंजे केसा-कातडीचं प्रथिन. माहं आन् मेंढीचं, दोघांचं!

पऱ्हाटी_दारव्हा:
जुनी_पिपेट, पट्टी लावून मोजली. जेल स्कॅनपेक्षा ४ मिलीमीटर रुंद भरली. मशीनवर उगाच चिडले होते.

दुसरी जेल काल हातानंच कापली. सकाळी सहाला, पंखा बंद करून, म्हणजे धूळ उडू नये. घामानं जीव गेला. २२ तुकडे ट्रिप्सिनसाठी (प्रथिनांचे तुकडे करणारं विकर) फ्रीझरमध्ये आहेत. १७ नंबरचा टिपमधून उडून फरशीवर पडला. तो आता तिसऱ्या जेलमधून.